बाबागाडी

सिग्नल लाल होता आणि वरचा काउंटर ८४ दाखवत होता. मी आतल्या आरशात बघत होते, मागची वाहनं बघायला नव्हे, कपाळावर आलेली बट मागे सारायला. आरशाच्या कोपऱ्यात एक बाई बाबागाडी घेऊन उभी दिसली. तिथला फुटपाथ खणून ठेवलेला असल्यामुळे ती रस्त्याच्या कडेलाच, माझ्या गाडीच्या मागच्या अंगाला थांबली होती. बाबागाडीत सात-आठ महिन्यांचं मूल असावं. डोक्याला पिवळी टोपी, आणि त्या टोपीचाच बंद तोंडात धरून त्याचं चोखणं चाललेलं. बाईने आधी सिग्नलकडे पाहिलं, मग खाली, माझ्या गाडीच्या सायलेन्सरकडे. आणि काही न बोलता तिने बाबागाडी दोन पावलं मागे ओढली, अर्धी फिरवली, मुलाचं तोंड रस्त्याच्या उलट बाजूला केलं आणि स्वतः मध्ये उभी राहिली. माझ्याकडे पाठ करून. पागोळीखाली उभ्या राहिलेल्या पोराला आपण दंडाला धरून बाजूला घेतो, तितक्या सहज तिने हे केलं. पागोळीवर कोणी रागावत नाही. तीही माझ्यावर रागावली नव्हती. गाडीत कोण बसलंय हे तिने एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

सिग्नल सुटला, मी निघाले. पुढच्या चौकात पुन्हा थांबावं लागलं तेव्हा लक्षात आलं, त्या ८४ सेकंदांत किल्ली माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

त्या रात्री सगळं आवरल्यावर मी खाली पार्किंगमध्ये गेले आणि गाडीच्या मागे उकिडवी बसले. सहा वर्षं ही गाडी माझ्याकडे आहे. पुढच्या काचेवर उडालेला टवका नेमका कुठे आहे, ते मी डोळे मिटून दाखवू शकेन. सायलेन्सरचं तोंड मात्र मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. वीत लावून पाहिली. जमिनीपासून एक वीत आणि वर चार बोटं. नळीच्या आतल्या कडेवरून तर्जनी फिरवली, तर मऊ, कोरडी, पिठासारखी काजळी बोटाला लागली. तेलकट नव्हती, चिकट नव्हती, तरी साबणाने तीनदा धुतल्यावरही ती बोटाच्या ठशाच्या रेघांमध्ये बसूनच राहिली, पार दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. हाताला लागते ती काजळी त्यातल्या त्यात जाडी. छातीत खोलवर उतरतात ते कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, पीएम २.५ म्हणतात ते. माणसाच्या केसाची जाडी त्यांच्या वीस-तीस पट भरते. नाकातले केस, घशातला ओलावा, खोकला, शरीराने धुळीसाठी म्हणून जी जी चौकी बसवली आहे, ती ओलांडून हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात, आणि त्यातले सगळ्यात बारीक रक्तातही उतरतात. म्हणूनच हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही हिशेब या धुराकडे येऊन थांबतो.

चालवणाऱ्याचं तोंड पुढे आणि धुराचं तोंड मागे, अशी गाडीची रचना. यात कोणाचा दुष्टपणा नाही, दुसरीकडे ठेवणार तरी कुठे? पण या रचनेने आपल्याला एक सवय लावली आहे. वाहनांच्या रांगेत प्रत्येक जण पुढच्याचा धूर घेतो आणि आपला मागच्याला देतो. पुढचा ट्रक काळं ओकू लागला की मी चरफडते, काच वर करते. मागच्याने काच वर केलेली मला आरशात दिसते, पण ती माझ्यामुळे केली असेल असं कधी मनात येत नाही. काच वर करून फार काही साधतही नाही. बाहेरची हवा आत घेणारी झडप बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या पायथ्याशी असते, म्हणजे पुढच्याच्या धुराच्या वाटेतच. गर्दीत अडकलेल्या गाडीच्या आतली हवा कित्येकदा फुटपाथवरच्या हवेपेक्षा वाईट भरते. झडप बंद करून आतलीच हवा फिरवत ठेवली तर कण कमी होतात, पण थोड्या वेळाने आपल्याच उच्छ्वासाने डोकं जड होतं.

बाबागाडी हा शब्द लहानपणी मी फार दिवस चुकीचा समजत होते. माझे बाबा बस चालवायचे. त्यामुळे बाबागाडी म्हणजे बाबांची गाडी, आणि ती लाल-पिवळी, दोन दारांची, साठ माणसं पोटात घेणारी. शेजारच्या घरात बाळ झालं आणि त्यांच्याकडे बाबागाडी येणार असं कानावर आलं, तेव्हा मी संध्याकाळभर जिन्यात बसून राहिले होते. एवढी मोठी बस त्यांच्या दारातून आत कशी आणतील, हे मला बघायचं होतं.

बाबांच्या अंगाला डिझेलचा वास यायचा. अंघोळीनंतरही तो पुरता जायचा नाही. त्या काळच्या बसचं इंजिन चालकाच्या शेजारी, आतच असायचं, पत्र्याच्या झाकणाखाली. उन्हाळ्यात त्या झाकणाला हात लावला तर चटका बसे. झाकणाच्या फटींमधून आत येणारी वाफ, गरम ऑइल आणि रबराच्या जुन्या गालिच्याचा वास, या सगळ्यांत बाबा आठ-आठ तास बसलेले असत. ते घरी आले की खाकी सदरा आई चिमटीत धरून बादलीत टाकायची. कॉलरच्या आतल्या बाजूला काळी रेघ असायची, ब्रशने घासून थोडी फिकी होणारी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटणारी. खिशातला रुमाल वेगळा धुवावा लागे. सकाळी पांढरा गेलेला रुमाल संध्याकाळी नाकाच्या जागी दोन काळे ठिपके घेऊन यायचा. मला त्यात वावगं काही वाटत नसे. सुताराच्या बायकोला भुसा झटकावा लागतो, तसं चालकाच्या घरात हे असणार.

आणि मला तो वास आवडायचा. हे लिहिताना हात जरा अडखळतोय, पण खोटं कशाला लिहू? रात्री शेवटची फेरी संपवून बाबा आले की झोपेतच तो वास आधी यायचा, मग कडीचा आवाज, मग आईचं दबक्या आवाजातलं बोलणं. बाबा सुखरूप आले, आता सगळे घरात आहेत, याची ती खूण होती. आजही पहाटे एखाद्या बस डेपोवरून जाताना गाड्या गरम करत ठेवलेल्या असल्या, निळसर धूर जमिनीलगत लोळत असला, की माझ्या छातीत आधी सुख दाटतं. त्यात काय काय असतं, ते नंतर आठवतं.

२०१२ च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकला. पहिला गट म्हणजे कर्करोग होतो याचा संशय नाही, खात्री. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस ज्या यादीत आहेत, तीच यादी. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, बाहेरच्या प्रदूषित हवेलाही त्यांनी त्याच यादीत बसवलं. डिझेलच्या निकालामागे मोठा आधार होता तो खाणीत डिझेलच्या यंत्रांजवळ काम करणाऱ्या आणि ट्रक वाहतुकीत नोकरी करणाऱ्या माणसांच्या अभ्यासांचा. ती बातमी वाचली तेव्हा बाबा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मी कागद घडी करून ठेवला आणि त्यांना काहीच बोलले नाही. त्यांना कर्करोग नाही. खोकला आहे, जिन्यात धाप लागते, हिवाळ्यात दोनदा तरी छाती भरते. त्यांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, हे बसमुळे का? ते म्हणाले, एका माणसाच्या बाबतीत असं बोट ठेवून सांगता येत नाही. प्रामाणिक उत्तर होतं ते. एका लाखात किती जणांना, ते आकडेशास्त्र सांगतं. तुमच्या घरातला तो माणूस त्या धुरामुळे आजारी आहे का, हे मात्र सांगत नाही.

त्या धुरावर आमचं घर चाललं. माझं शिक्षण झालं. आणि रोज हजारो माणसं बाबांनी कामावर नेली आणि घरी आणली. ती सगळी आपापली गाडी काढून निघाली असती तर त्याच रस्त्यावर किती धूर झाला असता? बसचा काळा धूर डोळ्यांत भरतो म्हणून माणसं बसला नावं ठेवतात. मला ते कधी सहन झालेलं नाही. भरलेली एक बस आणि एकेका माणसाच्या चाळीस गाड्या यांत शहराच्या हवेचं देणं कोण जास्त लागतं, याचा हिशेब एकदा माणसांच्या संख्येने भागून करायला हवा.

बाबांची एक सवय होती. शेवटच्या थांब्यावर पोचलं की ते इंजिन बंद करायचे. यात विशेष काय असं वाटेल, पण त्या वेळी बहुतेक चालक गाडी चालूच ठेवत. कारण साधं होतं, बॅटऱ्या दमलेल्या असायच्या. एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सेल्फ मारल्यावर उठेल याची खात्री नसे, आणि मग भरलेल्या गाडीला धक्का मारायला प्रवाशांना उतरवायचं म्हणजे शोभा. म्हणून दहा-पंधरा मिनिटं गाडी नुसती धडधडत उभी. बाबांनी त्यावर तोड काढली होती. थांब्याच्या अलीकडे थोडा उतार होता, तिथे ते बस लावायचे आणि चाकाला दगड. निघताना कंडक्टर दगड काढायचा, गाडी स्वतःच्या भाराने सुटायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन पकडायचं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फेरीला जात असे, तेव्हा दगड काढायचं काम मला मिळायचं. मी एकदा विचारलं होतं, बाकीचे बंद करत नाहीत, मग तुम्हीच का? त्यांनी थांब्यावरच्या रांगेकडे हात केला. “अगं, ती माणसं उभी आहेत ना तिथं.”

एवढंच उत्तर. पीएम २.५ हे नाव त्यांनी तेव्हा ऐकलेलं असणं शक्य नव्हतं. कोणी शिकवलंही नव्हतं. माणसं उभी आहेत हे त्यांना दिसत होतं, कारण बस वळवून लावताना ते मागे बघत.

त्या बाबागाडीने मला हे आठवायला लावलं, आणि मग मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसू लागले. १९४३ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशी असा काही झाकोळ आला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. महायुद्ध चालू होतं, शत्रूने विषारी वायू सोडला अशीही आवई उठली. मग संशय शहरातल्या कृत्रिम रबरासाठी बुटाडिन बनवणाऱ्या कारखान्यावर गेला. तो काही काळ बंद ठेवला, तरी झाकोळ येतच राहिला. कोडं सोडवायला घेतलं आरी हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने. हा माणूस तोवर अननसाचा वास कशाने येतो याचा शोध घेत होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं की गाड्यांतून निघणारी न जळलेली इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. डोळ्यांना झोंबणारा झाकोळ याच क्रियेतून होतो, आणि त्यातला ओझोन ताणून धरलेल्या रबराला चिरा पाडतो. रबराला किती लवकर चीर पडते यावरून ते हवेतला ओझोन मोजत. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर त्या शहराने आधी शत्रू शोधला, मग कारखान्याची चिमणी शोधली, आणि शेवटी उत्तर सापडलं ते ज्याच्या त्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या बाजूला.

शिशाचीही कहाणी अशीच लांबलेली. १९२१ साली टॉमस मिजली या अमेरिकन अभियंत्याला सापडलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग थोडं मिसळलं तर इंजिनाची ठकठक थांबते. शिसं विष आहे हे माणसाला फार जुनं ठाऊक होतं. १९२४ मध्ये ते संयुग बनवणारे कामगार भ्रम होऊन मेले, तरी ते गाड्यांत जात राहिलं. क्लेअर पॅटर्सन हा शास्त्रज्ञ उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय मोजत होता, तर त्याच्या प्रयोगशाळेत जिकडे तिकडे आगंतुक शिसं निघू लागलं. पृथ्वीचं वय त्याने १९५६ मध्ये जाहीर केलं आणि पुढची बरीच वर्षं हे शिसं गाड्यांच्या धुरातून येतंय हे पटवून देण्यात घालवली. जगातल्या शेवटच्या पंपावरून, अल्जीरियात, ते गेलं २०२१ च्या जुलैमध्ये. शंभर वर्षं लागली. त्यातली काही वर्षं माझ्या लहानपणाची आहेत. तेव्हा मुलांच्या मेंदूत ते किती उतरलं, ते आता कोणी मोजून देऊ शकत नाही.

पण ज्या गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा येते ती एका मुलीची आहे. एला किस्सी-डेब्रा. लंडनच्या ल्युइशम भागात, साउथ सर्क्युलर नावाच्या कायम वाहत्या रस्त्यापासून तीसेक मीटरवर तिचं घर होतं. तिला दमा होता, साधा नव्हे, झटका आला की श्वासच थांबवणारा. तीन वर्षांत तिला जवळजवळ तीस वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. २०१३ च्या फेब्रुवारीत ती गेली, तेव्हा नऊ वर्षांची होती. पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेखही नव्हता. तिची आई रोझामुंड शिक्षिका होती. ती थांबली नाही. दुसरी चौकशी झाली, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये निकाल आला की या मृत्यूला हवेचं प्रदूषणही कारण आहे, आणि त्या हवेतला मोठा वाटा वाहनांचा आहे. ब्रिटनमध्ये एखाद्या माणसाच्या मृत्यूच्या कारणांत हे असं पहिल्यांदाच लिहिलं गेलं. त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे. आईला या धोक्याची माहिती कोणी दिली नव्हती. दिली असती तर तिने काही ना काही केलं असतं, आणि कदाचित मुलगी वाचली असती.

म्हणजे तिने बाबागाडी वळवली असती.

हे वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नाही. ती आई इतक्या वेळा मुलीला उचलून धावली, औषधं बदलली, रात्री जागली, आणि कारण खिडकीबाहेर चोवीस तास चालू होतं. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही एला माहीत नव्हती. एकेकाचा वाटा काढायला गेलं तर चिमूटभरही भरणार नाही. कोणा एकावर ठपका ठेवता येत नाही, आणि तरी मूल गेलं. डॉक्टर मला जे म्हणाले होते की एका माणसाच्या बाबतीत सांगता येत नाही, ते त्या आईने सात वर्षं झगडून एका माणसाच्या बाबतीत सांगायला लावलं.

आता मी शक्य तेव्हा कामावर बसने जाते, आणि थांब्यापासूनचं अंतर चालते. मोठ्या रस्त्याने नाही, त्याला समांतर आतून जाणाऱ्या गल्लीने. वाहत्या रस्त्याच्या काठाला धूर सर्वांत दाट असतो आणि दीड-दोनशे मीटरवर पुष्कळसा विरतो, हे वाचल्यापासून मी हे करून पाहिलं. फरक नाकाला कळतो. वळणावर पहिल्यांदा ब्रेकचा जळका वास संपतो, मग घशातली ती धातूसारखी चव, आणि शंभरेक पावलांनी ओल्या मातीचा, कोणाच्या तरी धुतलेल्या कपड्यांचा वास यायला लागतो. थंडीत मात्र हा उपाय तोकडा पडतो. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं, धुराला वर जायला वाट नसते आणि तो गल्ल्यागल्ल्यांत शिरतो. नेमकी तीच वेळ मुलांची शाळेत जायची. मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेतं, वजनाच्या मानाने जास्त हवा घेतं, आणि त्याचं नाक सायलेन्सरच्या जवळच्या उंचीवर असतं. शाळेच्या फाटकाबाहेर गाड्या चालू ठेवून थांबलेल्या पालकांच्या रांगेत मीही कित्येक वर्षं होते. माझ्याच मुलाची वाट बघत.

आणि गल्ली प्रत्येकाला मिळत नाही. त्या बाईला चौकच ओलांडायचा होता. चौकात उभं राहून दिवसभर वाहनांना वाट दाखवणाऱ्या पोलिसाला, सिग्नलवर फुलं विकणाऱ्या पोरीला, रस्त्यालगतच्या पहिल्या मजल्यावर खिडक्या लावून राहणाऱ्यांना कुठली समांतर गल्ली? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बारीक कणांची वर्षाची मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली, आणि नायट्रोजन डायऑक्साइडची ४० वरून १० वर. जगातली ९९ टक्के माणसं त्या मर्यादेबाहेरच्या हवेत श्वास घेतात, असंही तीच संघटना सांगते. आकडा इतका मोठा झाला की तो कोणाचाच राहत नाही. मला म्हणून पिवळ्या टोपीचं ते एक मूलच पुरतं.

विजेच्या गाड्या आल्या की सगळं सुटेल असं वाटायचं. त्या याव्यात, लवकर याव्यात. सायलेन्सरच नाही ही केवढी गोष्ट आहे! पण चाकं आणि ब्रेक त्यांनाही आहेत. टायर झिजतो म्हणजे जातो कुठे? तो रस्त्यावर, हवेत आणि पहिल्या पावसाबरोबर नदीत जातो. अमेरिकेच्या वायव्येला कोहो जातीचे सामन मासे पावसानंतर ओढ्यांत मरून पडत. २०२० च्या अखेरीस संशोधकांनी त्याचं कारण शोधलं, टायर टिकावा म्हणून रबरात घालतात त्या रसायनावर ओझोनची क्रिया होऊन तयार होणारं एक द्रव्य. हागेन-स्मिटच्या रबराच्या पट्ट्या मला तेव्हा पुन्हा आठवल्या.

एक गोष्ट मात्र मी सारखी उजळणीला घेते. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकापासून शाळकरी मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजत आले आहेत. जी मुलं मोठ्या महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत वाढली, त्यांची फुप्फुसं लांब राहणाऱ्यांपेक्षा कमी भरली, हे त्यातूनच कळलं. पण नियम कडक झाले, गाड्यांच्या नळ्यांत गाळण्या आल्या, हवा सुधारली, आणि नंतरच्या तुकड्यांतल्या मुलांची फुप्फुसं जास्त चांगली वाढलेली निघाली. त्याच शहरांतली, तशाच वयाची मुलं. २०१५ मध्ये ते छापून आलं. आलेख मी कापून आरशाशेजारी लावला आहे. हवा साफ झाली तर छाती खरोखर मोठी होते, हे रोज डोळ्यांपुढे असावं असं मला वाटतं.

गेल्या आठवड्यात बाबांना फुप्फुसाची तपासणी करायला नेलं. नळीत जोराने फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र मोजतं. बाबांनी आयुष्यभर जसं मन लावून स्टीअरिंग धरलं, तसंच मन लावून फुंकलं. यंत्र चालवणारी मुलगी शेजारून म्हणत होती, “आजोबा, अजून, अजून, अजून, सोडू नका.” ते लालबुंद झाले आणि मग खोकत बसले. तीनदा करावं लागलं. कागदावरची रेघ जिथे टोकदार चढायला हवी होती तिथे ती लवकर खचत होती. बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला आणि म्हणाले, “चढाला गाडी ओढत नाही म्हणायची.”

परतताना त्याच चौकात सिग्नल लागला. काउंटर ९० वर होता. फुटपाथचं खणलेलं अजून तसंच होतं, तीन-चार माणसं कडेला उभी होती, बाबागाडी कुठे नव्हती. मी त्यांच्याकडे बघेपर्यंत बाबांनी शेजारून हात लांब केला आणि किल्लीकडे बोट दाखवलं.

“बंद कर.”

मी बंद केली. इंजिन थांबलं, मागोमाग पंखा थांबला, आणि गाडीत एकदम शांत झालं. तेव्हा मला ते ऐकू आलं. श्वास सोडताना बाबांच्या छातीत अगदी बारीक शीळ वाजत होती, शेवटी शेवटी तुटत जाणारी. एवढी वर्षं ते माझ्या शेजारी बसले असतील, पण मधे कायम इंजिन असायचं. मी आकड्यांकडे बघत ती ऐकत राहिले. कडेच्या माणसांपैकी एकाने सहज वळून आमच्या गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा सिग्नलकडे मान फिरवली. मागे कोणीतरी हॉर्न दिला. बाबा हलले नाहीत. काउंटर ३ वर आला तेव्हा तेच म्हणाले, “हं, आता मार सेल्फ.”